कवटीतलं पाणी

स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहराला लागून लीथ हे बंदर आहे. ३ नोव्हेंबर १८२१ रोजी तिथे मोठं वादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परिसरात उघड्यावर तीन मृतदेह सापडले. त्यांपैकी दोघांचं शवविच्छेदन जॉर्ज केली या लीथच्याच शल्यविशारदाने केलं. वादळात गारठून मेलेल्या या माणसांच्या डोक्यात रक्त किती आहे आणि कुठे आहे, याकडे त्याने बारकाईने लक्ष दिलं. मेंदूवरच्या शिरा रक्ताने तुडुंब भरलेल्या होत्या. धमन्या मात्र त्या मानाने रिकाम्या होत्या. रक्ताची जागा बदलली होती, पण एकूण रक्त काही फार कमी-जास्त झालेलं नव्हतं.

केलीचा गुरू अलेक्झांडर मन्रो. त्याने १७८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की कवटी हाडाची, न ताणली जाणारी. मेंदू जवळजवळ न दबणारा. तेव्हा कवटीतल्या रक्ताचं एकूण प्रमाण कायम राहायला हवं. जेवढं आत येईल तेवढं बाहेर गेलंच पाहिजे. केलीने हे मेंढ्या आणि कुत्र्यांवर तपासून पाहिलं. रक्तस्राव करून मारलेल्या प्राण्याचं बाकी शरीर रिकामं झालं तरी मेंदूत रक्त उरायचं. पण आधी कवटीला भोक पाडलं असेल, तर मेंदूही रिता व्हायचा. १८२४ मध्ये त्याने हे सगळं प्रसिद्ध केलं. आज जगातल्या कुठल्याही अतिदक्षता विभागात डोक्याला मार लागलेल्या रुग्णावर उपचार होतात ते या ‘मन्रो-केली’ नियमाच्या आधारानेच.

मात्र या दोघांच्या हिशेबात एक गोष्ट नव्हती. पाणी.

ते त्यांना दिसलं नाही, यात नवल नाही. त्या काळी शवविच्छेदनात बहुधा डोकं धडापासून आधी वेगळं करत, आणि मेंदूभोवतीचं पाणी तिथेच वाहून जाई. नेपल्सच्या दोमेनिको कोतून्यो या तरुण वैद्याने १७६४ मध्ये हे ओळखलं होतं. त्याने प्रेत उभं ठेवून, डोकं न कापता तपासलं, तेव्हा मेंदूभोवती आणि मणक्याच्या पोकळीत स्वच्छ पाणी मिळालं. पण त्याचं पुस्तक होतं मांडीतून पायापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूच्या दुखण्यावर. मेंदूच्या पाण्याची गोष्ट त्यात झाकली गेली. पुढे फ्रान्समध्ये फ्रांस्वा माझांदीने १८२० च्या दशकात या पाण्याचा नीट अभ्यास केला आणि मग कुठे वैद्यकाने त्याची दखल घेतली. नियमात ते शेवटी पक्कं बसवलं अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंगने, थेट विसाव्या शतकात.

तेव्हापासूनचा हिशेब असा. प्रौढ माणसाच्या कवटीत साधारण दीड लिटर जागा. तिच्यातली सुमारे ८० टक्के मेंदूची. उरलेल्यात साधारण निम्मं रक्त, निम्मं पाणी. तिघांपैकी एकाने जागा वाढवून मागितली, किंवा चौथा कुणी आत घुसला – गाठ, रक्ताची गुठळी, पू, सूज – तर आधीच्या कुणाला तरी बाहेर पडावंच लागतं.

हे पाणी, ज्याला डॉक्टर ‘सीएसएफ’ म्हणतात आणि घरोघरी ‘मणक्यातलं पाणी’, ते मेंदूच्या आतच तयार होतं. मेंदूत चार पोकळ्या आहेत: दोन्ही बाजूंना एकेक मोठी, मध्ये तिसरी, खाली मागच्या बाजूला चौथी. त्यांच्या भिंतींवर केशवाहिन्यांचे झुपके असतात, त्यांना कोरॉइड प्लेक्सस म्हणतात. मुख्यत्वे तेच रक्तातून हे पाणी घडवतात. ते नुसतं गाळलेलं नसतं; पेशी क्षार मोजूनमापून आत सोडतात आणि पाणी त्यांच्यामागे येतं. तासाला साधारण २० मिलिलिटर, दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर. पण कुठल्याही क्षणी मेंदू आणि मणका मिळून शरीरात असतं फक्त १५० मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे दिवसातून तीनदा-चारदा सगळं पाणी नवं होतं. वरच्या पोकळ्यांतून ते तिसरीत, तिथून एका फार अरुंद नळीतून चौथीत आणि तिथल्या छिद्रांतून मेंदूच्या बाहेरच्या बाजूला येतं. काही मज्जारज्जूभोवती खाली फिरून येतं. शेवटी कवटीच्या माथ्याखालच्या मोठ्या शिरेत ते शोषलं जातं आणि पुन्हा रक्तात मिसळतं. नाकाकडच्या मज्जातंतूंच्या कडेने आणि मेंदूच्या आवरणांतल्या लसीकावाहिन्यांतूनही काही बाहेर पडतं, हे अलीकडे अधिक स्पष्ट झालं आहे.

तराजूत ठेवला तर मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा. पाण्यात तरंगताना त्याचा भार उरतो जेमतेम ५० ग्रॅमच्या घरात. हा फरक नसता तर मेंदू स्वतःच्याच वजनाने कवटीच्या तळाशी दाबला गेला असता, आणि तिथून निघणारे मज्जातंतू व रक्तवाहिन्या चेपल्या असत्या. आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत पाठ केला, तो आपल्याच डोक्यात चोवीस तास चालू असतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता दाब. निरोगी माणूस आडवा झोपलेला असताना कवटीतला दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा एवढा असतो. तो उभा राहिला की दाब शून्याजवळ येतो, कधी त्याच्याही किंचित खाली जातो. खोकताना, शिंकताना, शौचाला कुंथताना क्षणभर तो ३०-४० च्या पुढे उसळतो आणि तितक्याच लवकर खाली येतो. अशा उसळीने काही बिघडत नाही. बिघडतं ते दाब चढून तिथेच राहिला तर. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात २२ च्या वर टिकलेला दाब खाली आणायलाच हवा, असं सध्याची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

कारण मेंदूला रक्त पोचवणारं बळ ही सरळ वजाबाकी आहे: धमन्यांतला सरासरी दाब उणे कवटीतला दाब. ९० मधून १० गेले, ८० उरले; ठीक. कवटीतला दाब ४० झाला तर उरले ५०. ६० झाला तर ३०, आणि इतक्यावर मेंदूच्या पेशी फार काळ तग धरत नाहीत. कुशिंगने १९०१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे प्राण्यांवर दाखवलं की कवटीतला दाब वाढवत नेला तर शरीर रक्तदाब त्याच्याही वर चढवत नेतं. मेंदूचा देठ उपाशी पडायला लागला की तो हृदय आणि रक्तवाहिन्यांना शेवटची हाक देतो. रक्तदाब चढलेला, नाडी मंद, श्वास अनियमित, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की वेळ अगदी थोडी उरलेली असते. अशा रुग्णाचा वाढलेला रक्तदाब गोळी देऊन उतरवणं घातक ठरू शकतं. तो रक्तदाबच मेंदूला जगवत असतो.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दाब वाढण्याची चाल. कवटीत रक्तस्राव सुरू झाला की पहिल्यांदा जागा करून देतं ते पाणी. ते मणक्याच्या पोकळीकडे सरकतं. मग शिरांतलं रक्त बाहेर ढकललं जातं. या काळात दाब जवळजवळ वाढतच नाही. माणूस बोलतो, चालतो, चहा पितो. पण सरकण्याजोगं सगळं सरकून झालं की पुढच्या चार-पाच मिलिलिटर रक्तानेही दाब भराभर चढतो. सणासुदीला खच्चून भरलेल्या एसटीत साठावा माणूस कसाबसा मावतो, एकसष्टाव्याला दार लावता येत नाही, तसं. पण एसटीत दारातून आत काय चाललंय ते दिसतं. इथे बाहेरून काहीच दिसत नाही.

कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. स्कूटरवरून पडलेल्या, हेल्मेट नसलेल्या माणसाचं ते हाड तडकतं आणि धमनी फाटते. तो थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो आणि घरी जातो. डोकं दुखतं म्हणून झोपतो. घरचे म्हणतात, झोपू दे, दमलाय. तो घोरत असतो, आणि सकाळी उठत नाही. मधल्या ज्या चार-पाच तासांत तो ठीक वाटला, त्या तासांत कवटीतलं पाणी जागा देत होतं. या अवस्थेत वेळेवर कवटी उघडून गुठळी काढली तर माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. मेंदूशल्यक्रियेत इतकं चांगलं फळ देणाऱ्या शस्त्रक्रिया फार थोड्या. म्हणून डोक्यावर पडलेला माणूस शुद्धीवर आला तरी वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्र काढायची नाही. सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठायचं.

रुग्णालयात पुढे जे होतं त्यातली प्रत्येक गोष्ट मेंदू, रक्त, पाणी या तिघांपैकी कुणाला तरी कमी करण्यासाठी असते. पलंगाचं डोकं ३० अंश वर केलं, मान सरळ ठेवली की मानेच्या शिरांतून रक्त उतरतं. मॅनिटॉलची बाटली शिरेतून चढवली की रक्त दाट होऊन सुजलेल्या मेंदूतलं पाणी ओढून घेतं. (थंडीत या बाटलीत स्फटिक जमतात, परिचारिका ती कोमट पाण्यात धरून स्फटिक विरघळवतात आणि मगच लावतात.) श्वासयंत्राचा वेग वाढवला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, हा उपाय मात्र थोड्याच वेळापुरता, अति झाला तर मेंदूच उपाशी पडतो. पोकळीत बारीक नळी घालून पाणी थेट बाहेर काढता येतं. आणि यातलं काहीच पुरलं नाही तर शल्यविशारद कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात, म्हणजे मन्रोची पहिली अटच मोडतात. तो तुकडा आपल्याकडे बऱ्याचदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि सूज उतरल्यावर परत बसवतात.

तान्ह्या बाळात ही अट निसर्गानेच मोडलेली असते. त्याच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात आणि माथ्यावर टाळू मऊ असते. तिच्यावर तेल घालणाऱ्या आजीला ती उडताना रोज दिसते. ते उडणं म्हणजे मेंदूतल्या नाडीचे ठोके. जुलाबांनी बाळ सुकलं की टाळू खोल जाते, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उलट बाजूही तितकीच ठाऊक असायला हवी. बाळ रडत नसताना, उभं धरलेलं असताना टाळू फुगलेली आणि ताणलेली असेल तर आत दाब वाढलेला असू शकतो. पहिल्या वर्षी डोक्याचा घेर साधारण १२ सेंटिमीटरने वाढतो. त्यापेक्षा झपाट्याने वाढायला लागला, कपाळावरच्या शिरा ठळक झाल्या, डोळे खाली वळून वरचा पांढरा भाग दिसू लागला, तर डोक्यात पाणी साठत असण्याची शक्यता असते. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. तोवर हाडं सरकून दाबाला वाट देतात आणि बाळ दिवसेंदिवस शांत राहतं. मेंदूचा थर मात्र पातळ होत जातो. लसीकरणाच्या वेळी मोजपट्टीने डोक्याचा घेर मोजायला अर्धा मिनिट लागतो. तो मोजून कार्डावर लिहिला जातोय ना, हे आईवडिलांनी आग्रहाने पाहावं.

पाणी साठायचं कारण बहुधा एकच: वाट अडणं. ती जन्मतःच अरुंद असू शकते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळात रक्तस्रावाने बंद होऊ शकते. आपल्या देशात क्षयाच्या जंतूंमुळे होणारा मेंदूज्वर हे मोठं कारण आहे. त्यात मेंदूच्या तळाशी दाट चिकट स्राव जमतो आणि पाण्याच्या वाटा बुजतात. जन्मल्यावर दिली जाणारी बीसीजी लस लहान मुलांना मुख्यतः क्षयाच्या अशाच गंभीर प्रकारांपासून वाचवते.

अडलेल्या पाण्याला दुसरी वाट काढून द्यायची, ही कल्पना जुनी. अडचण होती झडपेची. नळी नुसती शिरेत सोडली तर रक्त उलट वर चढून गोठतं, आणि पाणी हवं तेव्हाच, हवं तेवढंच जायला हवं. १९५५ मध्ये फिलाडेल्फियात केसी होल्टर नावाचं मूल जन्मलं. पाठीचा मणका उघडा, त्यातून डोक्यात पाणी. वडील जॉन होल्टर कारखान्यात यंत्रकारागीर. मुलावर उपचार करणाऱ्या यूजीन स्पिट्झ या शल्यविशारदाकडून त्याने अडचण समजून घेतली आणि घरी बसून रबरी नळीला चीर देत झडप बनवायला सुरुवात केली. आतून दाब आला की चीर उघडते, दाब गेला की मिटते. रबर निर्जंतुकीकरणात टिकेना, म्हणून तो सिलिकॉनकडे वळला. ते साहित्य तेव्हा नवंच होतं. १९५६ मध्ये ती झडप पहिल्यांदा एका मुलाच्या शरीरात बसली. केसी फार वर्षं जगला नाही. त्याच्या बापाच्या झडपेने पुढे असंख्य मुलं जगवली.

चार वर्षांनी, डिसेंबर १९६० मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एका टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली. आत चार महिन्यांचा थिओ होता. त्याचे वडील रोआल्ड डाल, म्हणजे ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’चे लेखक. थिओच्या डोक्यात पाणी साठलं, त्याला दुसरी वाट देणारी झडपेची नळी, म्हणजे शंट, बसवला आणि तो पुन्हापुन्हा तुंबू लागला. तुंबला की डोकं दुखायचं, ताप यायचा, काही काळ दृष्टीही जायची; मग पुन्हा शस्त्रक्रिया. इंग्लंडला परतल्यावर डालने स्टॅन्ली वेड या अभियंत्याला गाठलं. खेळण्यातल्या विमानांच्या इंजिनांसाठी इवलेसे पंप बनवण्यात त्याचा हातखंडा होता. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयातले शल्यविशारद केनेथ टिल यांनी वैद्यकीय बाजू सांभाळली. मेंदूतल्या कचऱ्याने सहज न तुंबणारी, धातूच्या बारीक चकत्यांची झडप १९६२ मध्ये तयार झाली. तिघांनीही तिच्यावर नफा घ्यायचा नाही असं ठरवलं. थिओला तोवर तिची गरज उरली नव्हती. पण जगभरातल्या दोनएक हजार मुलांना तरी ती बसवली गेली.

आपल्याकडेही हे काम झालं. दिल्लीच्या ‘एम्स’मधले बालशल्यविशारद डॉ. उपाध्याय यांनी भारतीय शंट बनवला. पुढे डॉ. छाब्रा यांचा शंट उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला तयार होऊ लागला. युगांडातल्या म्बाले इथे काम करणाऱ्या बेंजामिन वॉर्फ या अमेरिकन डॉक्टरांनी १९५ मुलांमध्ये छाब्रा शंट आणि महागडा पाश्चात्त्य शंट यांची तुलना करून २००५ मध्ये निष्कर्ष मांडला. एकाची किंमत तेव्हा ३५ डॉलर, दुसऱ्याची ६५०. वर्षभरानंतरच्या परिणामांत लक्षणीय फरक नव्हता. सरकारी रुग्णालयाच्या बाहेर औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन उभ्या असलेल्या आईबापांसाठी या निष्कर्षाचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको. शंट बसलेलं मूल घरी आलं की एक गोष्ट मात्र कायम ध्यानात ठेवायची. शंट आजही तुंबतो. सकाळी उठल्याउठल्या उलटी, चिडचिड, सुस्ती, पुन्हा फुगलेली टाळू, हे पोट बिघडल्याचं लक्षण समजून दोन दिवस थांबायचं नाही.

मेंदूज्वराचा संशय आला की डॉक्टर पाठीतून पाणी काढायचं म्हणतात आणि नातेवाईक घाबरतात. ‘मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ हा समज आपल्याकडे इतका खोल आहे की अनेकदा संमतीच मिळत नाही, आणि एक-दोन मोलाचे दिवस जातात. हाइनरिक क्विंकेने जर्मनीतल्या कील इथे १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली, तीच डोक्यात पाणी साठलेल्या मुलांचा दाब उतरवायला. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये जाते. तिथे पाण्यात सुटे मज्जातंतू असतात, ते सुईपुढे बाजूला सरकतात. काढतात ते ५ ते १० मिलिलिटर, शरीर ते अर्ध्या तासात भरून काढतं. नंतर काहींचं डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. कारण सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहतं आणि मेंदूचा आधार थोडा कमी होतो. बहुतेकांचं हे आपोआप थांबतं. न थांबल्यास रुग्णाचंच थोडं रक्त त्या जागी सोडून छिद्र बुजवतात. खरा धोका वेगळाच आहे. डोक्यात मोठी गाठ असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून अडकू शकतो. म्हणून तसा संशय असला की आधी डोळ्याचा पडदा तपासतात, स्कॅन करतात. लुळेपण येतं ते बहुतेक वेळा त्या आजाराने, ज्याचं निदान पाणी तपासायला उशीर झाल्यामुळे लांबलं. त्या काही थेंबांत साखर किती, प्रथिनं किती, पेशी कुठल्या, यावरून क्षय की दुसरे जंतू की विषाणू हे ठरतं, आणि तिघांची औषधं वेगळी आहेत.

याच सुईने बोगोटामध्ये सालोमोन हाकिम या तरुण मेंदूशल्यविशारदाला १९५७ मध्ये एक कोडं घातलं. वाहन अपघातात जखमी झालेला १६ वर्षांचा मुलगा. मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या, पण दाब मोजला तर नेहमीइतकाच. हाकिमने १५ मिलिलिटर पाणी काढलं. जवळजवळ काहीच प्रतिसाद न देणारा मुलगा दुसऱ्या दिवशी बोलू लागला. पुढे १९६५ मध्ये बॉस्टनच्या रेमंड ॲडम्सबरोबर त्याने हा विकार जगापुढे मांडला. तो मुख्यतः साठीनंतर होतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे फरफटत जातात, वळताना तोल जातो, मग लघवी थांबवता येत नाही, मग विसराळूपणा. घरात याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, किंवा पार्किन्सन, नाहीतर स्मृतिभ्रंश समजतात. तपासणी साधी आहे. स्कॅनमध्ये पोकळ्या फुगलेल्या दिसल्या तर रुग्णाला ठरावीक अंतर चालायला लावून वेळ मोजतात, पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात आणि पुन्हा तेवढंच चालवतात. पावलं मोठी पडू लागली, वळणं सोपी झाली, तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. चालण्यात फरक पडला नाही तरी शंटचा दरवाजा पूर्ण बंद होत नाही. काही दिवस नळीने पाणी काढून पुन्हा पाहता येतं. म्हाताऱ्या मेंदूतून पाणी अति वेगाने गेलं तर कवटीखाली रक्त साठण्याचा धोका असतो, म्हणून आता बाहेरून चुंबकाने दाब कमी-जास्त करता येणाऱ्या झडपा वापरतात. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त सुधारतं ते चालणं, स्मरणशक्ती सर्वांत कमी. आणि लक्षणं सुरू होऊन जितके कमी महिने झालेले असतील तितका फायदा अधिक.